टोमॅटोच्या सहाव्या क्रोमोसोममधला उलटा तुकडा क्रिस्परने सरळ करता येईल का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, प्लांट ब्रीडिंग किंवा जीन एडिटिंगमध्ये हात घालून काम केलेलं कोणी इथे असेल तर प्लीज वाचा, जरा लांबलंय.

मी टोमॅटोच्या लीफ कर्ल व्हायरसच्या रेझिस्टन्सवर काम करतेय, टीवाय-१ हा रेझिस्टन्स देणारा जीन घेऊन. हा जीन सोलॅनम चिलेन्स या रानटी टोमॅटोतून आलेला. अडचण अशी की त्या रानटी तुकड्यात जीन्सचा क्रम आपल्या लागवडीच्या टोमॅटोच्या मानाने उलटा आहे, म्हणजे इन्व्हर्जन, त्यामुळे मियोसिसच्या (प्रजननपेशी तयार होतानाच्या विभाजनाच्या) वेळी तिथे क्रॉसओव्हर, म्हणजे जोडीच्या क्रोमोसोममधली तुकड्यांची अदलाबदल, जवळपास होतच नाहीत आणि कितीही बॅकक्रॉस (लागवडीच्या टोमॅटोशी परत परत संकर) केले तरी जीनच्या मागे त्याचा सगळा रानटी गोतावळा येतोच. मार्कर (जीन ओळखायच्या डीएनए खुणा) आहेत हो, पण जिथे ही अदलाबदल, रिकॉम्बिनेशनच नाही तिथे मार्कर लावून शोधायचं काय?

म्हणून तो तुकडाच परत फिरवायचा विचार आहे. जर्मनीत कार्ल्सरूहला होल्गर पुख्टांच्या ग्रुपने २०२० मध्ये आराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या छोट्या रोपाच्या चौथ्या क्रोमोसोमवरचं सुमारे ११ लाख बेसचं (डीएनएच्या अक्षरांचं) नैसर्गिक इन्व्हर्जन दोन्ही टोकांना कॅस ९ ने (क्रिस्परमधली डीएनए कापणारी कात्री) कापून सरळ केलं, आणि नंतर क्रॉस केल्यावर जिथे आधी एकही क्रॉसओव्हर दिसत नव्हता तिथे ते व्हायला लागले. त्याच वर्षी मक्यातही साडेसात कोटी बेसचं इन्व्हर्जन फिरवल्याचं आलं. हे वाचल्यापासून मला खरंच वाटतंय की इतकी वर्षं ब्रीडर ज्या भागांवर पाणी सोडून बसलेत ते आता उघडता येतील.

पण अडलंय ते असं. आराबिडॉप्सिसमध्ये कॅस ९ अंडपेशीत चालवलं होतं, त्यामुळे बदल थेट बीमध्ये उतरला. टोमॅटोत आपण कॅलसमधून (प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींच्या गोळ्यातून) रोप काढतो, मग तिथे कोणता प्रमोटर (कॅस ९ कुठे चालू व्हायचं ते ठरवणारा डीएनएचा तुकडा) घ्यावा? दुसरं, दोन कट झाले की मधला तुकडा फिरण्याऐवजी गळूनही जाऊ शकतो, आणि माझा टीवाय-१ त्यातच बसलाय! आणि सगळ्यात जास्त खातंय ते हे, की आराबिडॉप्सिसची दोन्ही झाडं एकाच प्रजातीची होती, इथे मात्र रानटी सिक्वेन्सच वेगळा आहे, तर क्रम जुळला तरी क्रॉसओव्हर पुरेसे होतील का?

प्रतिसाद

ताई, आधी हे पाहा की टीवाय-१ च्या भागात एक नाही, दोन रिअरेंजमेंट (क्रम बदललेले तुकडे) सापडलेल्या आहेत. तुमच्या लाइनमध्ये नेमकं काय आलंय ते लाँग रीडने (डीएनएचे लांब तुकडे वाचून) सिक्वेन्स करून ब्रेकपॉइंट (उलट्या तुकड्याची टोकं) पक्के केल्याशिवाय गाइड (कॅस ९ ला कुठे कापायचं ते दाखवणारा आरएनए) डिझाइन करू नका, नाहीतर एक सरळ कराल आणि दुसरं तसंच राहील.

प्रमोटरचं फार टेन्शन घेऊ नका. कॅलसमध्ये एका पेशीत इन्व्हर्जन झालं आणि त्या पेशीतून कोंब फुटला तर ते पुढच्या पिढीत जाऊ शकतं, फक्त रोप मिश्र पेशींचं असायची शक्यता धरून पुढच्या पिढीत परत तपासा. स्क्रीनिंगला सोपी युक्ती म्हणजे एकाच दिशेला तोंड असलेले दोन प्रायमर (पीसीआरला सुरुवात करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे) घ्यायचे, एक एका ब्रेकपॉइंटच्या बाहेरच्या बाजूला आणि दुसरा दुसऱ्या ब्रेकपॉइंटच्या आतल्या बाजूला, मूळ क्रोमोसोमवर त्यांचं प्रॉडक्ट येणार नाही, तुकडा फिरला तरच येईल. बऱ्याच रोपांचा डीएनए एकत्र करून पीसीआर लावा, बँड आला की त्या गटातली रोपं सुटी करून बघा. दोन्ही जंक्शन (फिरलेल्या तुकड्याच्या दोन्ही टोकांचे नवे जोड) मिळाली पाहिजेत, एकावर समाधान मानू नका. डिलीशनसाठी (तुकडा गळालाय का ते बघायला) कटच्या बाहेरच्या दोन्ही बाजूंचे, एकमेकांकडे तोंड असलेले प्रायमर वेगळे लावा.

तिसरी शंका मात्र रास्त आहे. सिक्वेन्स जितका वेगळा तितके क्रॉसओव्हर कमी, म्हणजे इन्व्हर्जन काढून कुलूप उघडेल पण दार किती उघडेल ते क्रॉस करूनच कळेल. रोपांची संख्या मोठी ठेवा.

धागाकर्ती

खूप आभार, एकाच दिशेच्या प्रायमरचं डोक्यातच आलं नव्हतं. अजून एकच विचारते, हे काम टीवाय-१ होमोझायगस (दोन्ही प्रतींमध्ये तोच जीन) असलेल्या लाइनमध्ये करावं की हायब्रीडमध्ये? होमोझायगसमध्ये दोन्ही प्रतींवर कट बसतील म्हणजे तुकडा फिरायची संधी जास्त, पण दोन्हीकडून जीन गेला तर रोपच हातचं जायचं. टोमॅटोत कोणी प्रत्यक्ष केलं असेल तर नक्की सांगा.