फुगलेल्या पेशीचं पटल ‘कडक’ की ‘ताणलेलं’?

विचारणा (सोलापूर)
बी.एस्सी.च्या मुलांसाठी मराठीत टिपणं करतेय. ‘अवपरासारी द्रावणात पेशी फुगते व पेशीपटल कडक होते’ असं वाक्य एका जुन्या टिपणात आहे. (अवपरासारी म्हणजे पेशीतल्या द्रवापेक्षा पातळ; त्यातलं पाणी पेशीत शिरतं.) सहकारी म्हणतात, ‘ताणले जाते’ लिहा. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद
मॅडम, सहकाऱ्यांचं बरोबर आहे. कडकपणा हा पदार्थाचा गुण. आपल्या सोलापूरची कडक भाकरी नुसती ठेवलेली असली तरी कडकच. पटल म्हणजे जेमतेम ५ नॅनोमीटर जाडीचा मेदाचा दुपदरी थर. पाणी आत शिरलं म्हणून तो कडक होत नाही, त्याच्यावर ताण येतो. ताणल्यावर तर तो किंचित पातळच होतो.

आणि ताणही लगेच येत नाही, हे टिपणात यायलाच हवं. माणसाची तांबडी रक्तपेशी दोन्ही बाजूंनी खोलगट असते. तेवढ्याच आकारमानाच्या गोळ्याला जेवढं पटल पुरेल, त्याहून सुमारे ४० टक्के जास्त पटल तिच्याकडे असतं. म्हणून आधी ती नुसती गोल होत जाते, पटल सैलच राहतं. गोळा पूर्ण झाला की खरा ताण सुरू. मग मात्र क्षेत्रफळ दोन ते चार टक्के वाढलं, की पटल फाटतं.

प्रतिसाद
रक्त तपासणीत हे रोज दिसतं. मिठाच्या ०.९ टक्के द्रावणात पेशी जशाच्या तशा राहतात. ०.५ टक्क्यांच्या आसपास फुटायला लागतात, ०.३ पर्यंत जवळजवळ सगळ्या फुटतात. काहींच्या पेशी आनुवंशिक दोषामुळे आधीच गोलसर असतात. त्यांच्याकडे जादा पटल नसतं, त्यामुळे त्या लवकर फुटतात.

विचारणाकर्ती
पण फुगलेली पेशी दाबली तर जास्त विरोध करते ना? मग ‘ताठर’ म्हणायचं नाही?

प्रतिसाद
म्हणा, पण पेशीला, पटलाला नको. सैल पटल संपल्यामुळे अख्खी पेशी ताठर वागते, प्लीहेतल्या (पाणथरीतल्या) अरुंद फटींतून निघताना अडते. बोलीत आपल्याकडे दोन नेमके शब्द आहेतच: पेशी टम्म फुगते, पटल तट्ट होतं. टिपणात ‘पटलावरील ताण’ लिहा. ‘तणाव’ नको, मुलांना परीक्षेचा आठवेल.