मे महिन्यात अलास्का क्रूझ: हिमनदी जवळून दिसेल का? अप्पांना दाखवायचीय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी मूळची अमळनेरची, आता जळगावला असते. प्रश्न वडिलांसाठी आहे म्हणून जरा पाल्हाळ लागेल, समजून घ्या.

अप्पांचा बर्फाचा कारखाना होता, पस्तीस वर्षं चालवला. अमोनियाचा कॉम्प्रेसर, मिठाच्या पाण्याची टाकी, त्यात बुडवलेले डबे, आणि लादी निघाली की भुसा लावून पोत्यात गुंडाळायची आणि लग्नाच्या मांडवात, रसवंतीवर, कुल्फीवाल्याकडे पोचवायची. आखाजीपासून (अक्षय तृतीया) पहिला पाऊस पडेपर्यंत घरात कोणाला उसंत नसायची, त्यामुळे मे महिन्यात अप्पा कधीच कुठे गेले नाहीत, मामाच्या गावाला पण आई एकटीच आम्हाला घेऊन जायची. आता कारखाना बंद होऊन सहा वर्षं झाली, अप्पा ७१ चे आहेत, गुडघे दुखतात. दादा सिएटलला असतो, त्याने दिवाळीत व्हिडिओ कॉलवर हिमनदीचा कडा समुद्रात कोसळताना दाखवला. अप्पा बराच वेळ बोललेच नाहीत, मग म्हणाले, "माले एकदाव हाई देखनं शे." त्यांनी स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही हो, म्हणून हे व्हायलाच पाहिजे.

अडचण अशी की दादाला सुट्टी मेच्या मधल्या दोन आठवड्यांतच आहे, म्हणजे तिकडचा सीझन नुकताच सुरू झालेला. दोन पर्याय आहेत, एक सिएटलहून जाऊन सिएटललाच परत, त्यात ग्लेशियर बे म्हणजे हिमनद्यांची खाडी आहे, दुसरा कॅनडातल्या व्हँकुव्हरहून अलास्कातल्या सुअर्डपर्यंत, त्यात हबर्ड ग्लेशियर ही हिमनदी. आता वाचलं की सुरुवातीला पाण्यात बर्फाचे तुकडे इतके असतात की जहाज लांबूनच वळवतात. इथला एजंट म्हणतो सगळं सारखंच दिसतं, मला ते पटत नाही. एवढ्या लांब नेऊन अप्पांना धुक्यात पांढरी रेघ दाखवून आणायची का? मेमध्ये कोणी गेलंय का? केबिन कोणत्या बाजूची घ्यावी, थंडी किती, आणि गुडघेदुखीच्या माणसाला डेकवर किती उभं राहावं लागतं?

प्रतिसाद १

ताई, आम्ही धुळ्याचे, सासू-सासऱ्यांना घेऊन मेच्या तिसऱ्या आठवड्यात गेलो होतो. तुमची शंका बरोबर आहे, एजंटचं चूक. हबर्ड प्रचंड आहे, लांबी १२२ किमी, म्हणजे जळगावहून धुळ्याच्या पण पुढे जाईल, आणि समुद्रात उतरणारी भिंत दहा किमीच्या आसपास रुंद. पण समोरच्या खाडीत सुरुवातीला तरंगता बर्फ दाट असू शकतो, मग कॅप्टन काही किलोमीटर आधीच थांबतो आणि ते त्याच्याच हातात असतं. ट्रेसी आर्म, एंडिकॉट आर्म या चिंचोळ्या फियोर्डांचं (डोंगरांमधल्या खोल खाड्यांचं) पण तेच, मेमध्ये वाट अडली तर मागे फिरायचं.

अप्पांसाठी मी ग्लेशियर बेच घेईन. दिवसाला दोनच क्रूझ जहाजं आत सोडतात, तिथल्या नॅशनल पार्कचे रेंजर जहाजावर चढून माईकवरून सगळं सांगत राहतात. १७९४ साली जॉर्ज व्हँकुव्हर या दर्यावर्दीच्या मोहिमेला ही खाडी दिसलीच नव्हती, तिथे नुसता बर्फ होता, नंतर तो शंभर किमीच्या वर मागे सरकला म्हणून आज जहाज आत जातं. आम्हाला मार्जरी ग्लेशियर अगदी समोर दिसला, पाण्यावर २५० फूट भिंत, म्हणजे पंचवीस मजली इमारतीएवढी. याच खाडीतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या फाट्यात मात्र मे ते ऑगस्ट क्रूझ जहाजांना बंदी असते, सील हे समुद्री प्राणी तिथे पिल्लं घालतात, त्याची आशा धरू नका.

केबिनच्या बाजूवर पैसे घालू नका, मार्जरीसमोर जहाज सावकाश फिरवतात, दोन्ही बाजूंना दिसतो. वरच्या मजल्यावर काचेचा हॉल असतो, अप्पांना सकाळीच जाऊन खुर्ची धरून द्या. पण भिंतीसमोर असताना दहा-पंधरा मिनिटं तरी बाहेर आणाच, कारण आवाज काचेतून येत नाही. कडा आधी पडताना दिसतो आणि गडगडाट मागून येतो, किलोमीटरला तीन सेकंद, म्हणून आवाज ऐकून मान वळवली की सगळं होऊन गेलेलं असतं, नजर भिंतीवरच ठेवायची.

मेचा फायदा पण आहे. पाऊस सप्टेंबरपेक्षा बराच कमी, डोंगर खालपर्यंत पांढरे, उजेड रात्री नऊच्या पुढेपर्यंत. दिवसा १२-१३ अंश, पण बर्फावरून येणारा वारा हाडात शिरतो. तुम्ही ४५ अंशातून जाणार, कानटोपी, हातमोजे आणि वारा अडवणारं जॅकेट पाहिजेच.

आणि अप्पांना सांगा, तिथला बर्फ निळा असतो. लादी बाहेरून आत गोठते, हवा मध्ये कोंडते, म्हणून लादीचा गाभा पांढरा राहतो. हिमनदीत वरच्या वजनाने ती हवा दाबून निघून जाते, घट्ट बर्फ लाल उजेड शोषतो आणि निळा मागे राहतो.

प्रतिसाद २

व्हिसाचं बघा आधी. सिएटलहून निघणारं जहाज पण कॅनडात थांबतं, बहुतेक व्हिक्टोरियाला, कारण परदेशी झेंड्याच्या जहाजाला तसं केल्याशिवाय अमेरिकेतून अमेरिकेत सहल नेता येत नाही, १८८६ चा कायदा आहे. म्हणजे कॅनडाचा व्हिसा पण काढा आणि अमेरिकेचा मल्टिपल एंट्री (पुन्हा आत येता येणारा) आहे ना ते तपासा.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. दादाशी बोलले, ग्लेशियर बेवालंच ठरवतोय, कॅनडाचा फॉर्म या आठवड्यात भरते. अप्पांना निळ्या बर्फाचं वाचून दाखवलं तर लगेच उठून बसले, म्हणाले आपण डब्यातल्या पाण्यात नळीने हवा सोडून पाणी हलतं ठेवायचो तेव्हा लादी काचेसारखी निघायची, पण निळी कधी नाही निघाली. मग किती वजन लागत असेल म्हणे वरून? हे कोणाला माहीत असेल तर नक्की सांगा, ते रोज विचारतायत. आणि दुर्बीण ८ बाय ४२ ची (आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) पुरेल का, त्यांचा हात थोडा थरथरतो.