मेणाच्या डबा-चुलीची काजळी कमी कशी करावी? मदत हवी आहे

नमस्कार. सह्याद्रीत गडावर मुक्काम करताना चहापुरते पाणी तापवता यावे, म्हणून पत्र्याच्या उथळ डब्यात पन्हळीदार पुठ्ठ्याची गुंडाळी घट्ट बसवून आणि तीत वितळलेले पॅराफिन मेण ओतून मी छोटी चूल तयार केली आहे. पुठ्ठा वातीचे काम करतो, जळते ते मुख्यतः मेण. मात्र ज्योत पिवळी आणि उंच राहते व भांड्याच्या बुडाला इतकी काजळी धरते की ते सॅकमध्ये ठेवणे नकोसे होते. मेणाची वाफ पूर्ण जळण्याइतकी हवा मिळत नसावी, असा माझा अंदाज आहे. भांडे टेकवण्यासाठी पालथ्या घातलेल्या मोठ्या डब्याला खाली व वर भोके आहेत. ती वाढवावीत, की ज्योत आणि भांडे यांतील अंतर वाढवावे? पेटलेल्या मेणावर पाणी पडल्यास भडका उडतो, म्हणून विझवण्यासाठी मी पत्र्याचे झाकणच वापरतो. परंतु त्याच झाकणाने अर्धे तोंड झाकून आच मंद ठेवणे कितपत सुरक्षित आहे? गॅसचा छोटा स्टोव्ह घेण्याचा सल्ला कृपया देऊ नये, तो घरातून रोज मिळतोच.