घरमालकाचा कागद

सोसायटीचा ग्रुप, औंध
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

सुजाता, बी-५०२ (सायं. ६:४२): नमस्कार मंडळी. ग्रुप टँकर आणि मेंटेनन्ससाठी आहे, माहीत आहे, सेक्रेटरींनी रागावू नये. ओंकारला जाऊन पंधरा दिवस झाले. इतकी वर्षं ब्रेमेन चौकातून कॉलेजला जायचा, आता खऱ्या ब्रेमेनमध्ये आहे. एक काम अडलंय. त्याला खोली देणारा माणूस 'हा माझ्याकडे राहतो' एवढा सहीचा कागद देत नाहीये. तो नाही तर पत्त्याची नोंदणी नाही. जर्मनीत कोणाचं कोणी आहे का?

मंगेश, ए-७०१ (६:४५): तिकडे जर्मनीतल्या ब्रेमेनमध्ये टाउन हॉलच्या बाजूला गाढव, कुत्रा, मांजर, कोंबडा असा एकावर एक पुतळा आहे. गाढवाचे पुढचे पाय दोन्ही हातांनी धरले की इच्छा पुरी होते म्हणतात. अडला हरी वगैरे 😀

सुजाता, बी-५०२ (६:४६): धरून आलाय. फोटो पाठवला. कागद नाही आला.

श्रुती, सी-४०३ (६:५८): काकू, मी हॅनोव्हरला दोन वर्षं होते, सांगते. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी करायची. त्यासाठी जागा देणाऱ्याचा तो कागद लागतो. त्याचं नाव इतकं लांब आहे की मला तोंडात बसायला एक सेमिस्टर लागलं: वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. नोंदणीवर व्हिसाचं पुढचं परमिट, पार्टटाइम कामासाठी टॅक्स नंबर, सगळं अवलंबून. ब्लॉक्ड अकाउंटमधले, म्हणजे खर्चासाठी आधीच भरून ठेवलेल्या पैशांतले, महिन्याचे ९९२ युरो सुटायलाही काही ठिकाणी नोंदणीचा दाखला मागतात.

सुजाता, बी-५०२ (७:०१): तेच तर. वर्षाचे ११,९०४ युरो आपण इथून भरून ठेवले आणि पोरगा तिथे पाव-चीज खातोय. नोंदणीची मुदत कालच संपली.

राजेंद्र, सी-२०२ (७:०४): एवढं काय त्यात. कुणा ओळखीच्याचा पत्ता टाकायचा आणि मोकळं व्हायचं.

श्रुती, सी-४०३ (७:०६): काका, नको!! राहत नसताना पत्ता दाखवला तर पत्ता देणाऱ्याला ५०,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो. हे पुण्यातलं रेशनकार्ड नव्हे.

श्रुती, सी-४०३ (७:११): काकू, तो माणूस स्वतःच भाडेकरू असेल आणि ओंकार त्याचा पोटभाडेकरू. मूळ मालकाला न विचारता खोली दिली असणार, म्हणून सही टाळतोय. तसं त्याची स्वतःची सही चालते, मूळ मालकाचीच लागते असं नाही. कायद्याने हा कागद देणं त्याला बंधनकारक आहे, आणि तो देत नसेल तर ओंकारने नोंदणी ऑफिसला लगेच कळवायचं असतं. आत्ताच अपॉइंटमेंट घ्यायला सांगा. मिळालेली तारीख उशिराची असली तरी मेल जपून ठेवायचा. युनिव्हर्सिटीत विद्यार्थ्यांची संघटना असते, आस्टा म्हणतात, तिथेही विचारायचं. भांडायचं नाही, पण फोनवर बोलायचंही नाही. सगळं लेखी.

केळकर आजोबा, ए-१०१ (७:२०): मी १९८४ मध्ये कंपनीच्या ट्रेनिंगला श्टुटगार्टला होतो. घरी पत्र पोचायला दहा-बारा दिवस. आई आजारी पडल्याचं पत्र मिळालं तेव्हा ती बरी होऊन भाजी निवडत होती. तुम्ही मुलाशी रोज बोलता हे उत्तम, पण त्याला रोज 'काय झालं कागदाचं' विचारू नका. थोड्या दिवसांत तिथे फ्रायमार्क्टची जत्रा भरेल, १०३५ सालापासूनची. कागद असो नसो, भाजलेले बदाम खाऊन ये म्हणावं.

वर्षा, ए-३०३ (७:२२): जेवणाचं काय करतो गं?

सुजाता, बी-५०२ (७:२९): काय सांगू. पहिल्याच आठवड्यात ३ तारखेला त्यांची राष्ट्रीय सुट्टी, सगळं बंद. मग एक शनिवार, तो हा झोपून काढला. मग रविवार, पुन्हा बंद. श्रुतीने आधी सांगितलं असतं की मोठ्या स्टेशनातली दुकानं उघडी असतात, तर त्याने अडीच दिवस पोहे खाल्ले नसते. नंतर फोडणी केली तर धुराचा अलार्म वाजला. कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला शेजारीण दारात. तिला वाटलं काहीतरी फुटतंय.

वर्षा, ए-३०३ (७:३०): अगं बाई 😂 फराळ पाठवशील ना?

श्रुती, सी-४०३ (७:३२): चकली, चिवडा पाठवा. खव्याचं काही नको आणि तुपाची बरणी तर नकोच, दुधाचे पदार्थ कस्टममध्ये काढून घेतात. आणि काकू, लेटरबॉक्सवर नाव लावलंय ना त्याने? तिथे फ्लॅटला नंबर नसतात, बेलवर आणि पेटीवर आडनाव. नाव नसेल तर पत्र परत जातं, आणि बँकेचा पिन, विम्याचं कार्ड, सगळं पोस्टानेच येतं.

सुजाता, बी-५०२ (७:४०): तेच मला लागलंय जास्त. वहीच्या कागदाची पट्टी कापून 'कुलकर्णी' लिहून चिकटवली. दुसऱ्या दिवशी गायब. परत लावली, परत गायब. तोच काढत असणार. काल व्हिडिओ कॉलवर मला पेटी दाखवली. सात-आठ नावं एकाखाली एक, छापील, आणि सगळ्यात खाली टेपचा चिकट डाग, त्यावर धूळ बसलेली. हसत होता दाखवताना. मी फोन ठेवला आणि मग रडले. बीएस्सीला पहिला आलेला मुलगा, भाडं वेळेवर भरतो, आणि त्याचं नाव भिंतीवर नको?

अनिल, बी-३०४, सध्या दुबई (८:१५): सुजाताताई, ओंकारचं वाचून वाईट वाटलं. बोलू की नको असं झालं होतं, पण बोलतो. माझ्या ३०४ मध्ये लातूरची तीन मुलं आहेत. करार रजिस्टर केलाय, पोलीस पडताळणीची पावती दिली आहे. तरी सोसायटीचा एनओसी तीन आठवडे झाले मिळत नाही. कमिटी म्हणते, बॅचलर आहेत, तिघांच्या आई-वडिलांचं हमीपत्र आणा. एकाचे वडील ऊसतोडीला गेलेत. तोवर वॉचमन त्यांची पार्सलं वर सोडत नाही आणि खालच्या बोर्डावर नावं नाहीत. ऑगस्टच्या सभेत हमीपत्राचा ठराव तुम्हीच मांडलात, म्हणून तुम्हालाच लिहितोय.

राजेंद्र, सी-२०२ (८:१८): हे आणि ते वेगळं आहे. ती मुलं रात्री अकराला कुकर लावतात.

मंगेश, ए-७०१ (८:१९): राजेंद्रजी, राहू द्या आता.

केळकर आजोबा, ए-१०१ (८:२६): 👍

केळकर आजोबा, ए-१०१ (८:२७): अंगठा अनिलच्या मेसेजला होता. राजेंद्रच्या नव्हे.

सुजाता, बी-५०२ (९:०५): अनिल, अर्ज माझ्याकडेच आहे. टीव्हीखालच्या खणात, लाइटबिलांबरोबर. अडवून ठेवला असं नाही म्हणणार, पण हमीपत्र येईपर्यंत काढायचा नाही असं ठरवलं होतं खरं. सेक्रेटरी, माझी सही आज करते. तुमची?

सेक्रेटरी (९:१२): उद्या सायंकाळी ७ ते ८ ऑफिस उघडं आहे. मूळ करार आणि पडताळणीची पावती दाखवावी. दोन झेरॉक्स. हमीपत्राचा विषय पुढच्या सभेत घेऊ. आणि कृपया हा ग्रुप सूचनांसाठी ठेवावा. उद्या टँकर सकाळी ६ ला येईल.

श्रुती, सी-४०३ (९:१५): काकू, ओंकारला माझा नंबर द्या. मालकाला पाठवायचा मेल जर्मनमध्ये लिहून देते.

सुजाता, बी-५०२ (९:२१): देते गं. अनिल, बोर्डावर टाकायला नावं हवीत. अर्जातलं तिसरं नाव पाण्याने फुटलंय, वाचता येत नाही. विचारून सांगता का?

अनिल, बी-३०४, सध्या दुबई (९:२३): ताई, मी दुबईत आहे. तुम्ही दोन मजले वर.

सुजाता, बी-५०२ (९:३१): शिट्टी झाली आत्ता, घरीच आहेत. जाऊन येते.