मदत हवी आहे: कायमची नोकरी सोडून कॉन्ट्रॅक्टवर जाऊ का?

नमस्कार मंडळी. मी चाकणच्या एका कंपनीत डिझाइन इंजिनिअर आहे, सव्वाचार वर्षं झाली. आता दुसरीकडून घरूनच करायचं वर्षभराचं कॉन्ट्रॅक्ट आलंय, महिना १ लाख ३० हजार. सध्या हातात ७२ हजार येतात.

आकडा पाहून मन लगेच तिकडे धावतं. पण पीएफमधला कंपनीचा वाटा जाईल, भरपगारी रजा जाईल, ग्रॅच्युइटीला पाच वर्षं लागतात ती नऊ महिन्यांनी हुकेल. तेही सोसेन. खरी काळजी आईची आहे. तिला मधुमेह आहे आणि कंपनीच्या ग्रुप विम्यात ती पहिल्या दिवसापासून कव्हर आहे. बाहेर पॉलिसी घेतली तर आधीच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. त्या काळात काही झालं तर?

शिवाय पुढच्या वर्षी घराचं कर्ज काढायचंय. स्वतःचं काम करणाऱ्यांकडे बँका सहसा दोन-तीन वर्षांचे रिटर्न मागतात म्हणे.

कुणी असा बदल केलाय का? आईवडिलांच्या विम्याचं काय केलंत? आणि पैसे वेळेवर मिळावेत म्हणून करारात नेमकं काय लिहून घेतलंत? १५ तारखेपर्यंत उत्तर द्यायचंय, कृपया मोकळेपणाने सांगा.