पोट साफ होतंय का, तेही बघा

मूल झोपेत अंथरूण ओलं करतं, यावर इथे दोघातिघांनी सुचवलंय, रात्री पाणी बंद करा आणि झोपेतून उठवून लघवीला न्या. संध्याकाळनंतर पाणी बेताने द्यावं हे पटतं, पण दिवसभर मुलाला तहानलेलं ठेवू नका. उठवून नेल्याने त्या रात्रीची चादर वाचते इतकंच. मूल आपोआप उठायला त्यातून शिकत नाही.

बद्धकोष्ठाबद्दल मात्र इथे कोणीच बोललेलं नाही. गुदाशय मूत्राशयाच्या अगदी मागे असतो. तिथे शी साठून राहिली की मूत्राशयावर दाब येतो आणि त्यात लघवी कमी मावते. माझी मुलगी रोज संडासला जायची, तरी डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो शी कशी होते याचा. लेंड्यांसारखे कडक खडे व्हायचे, तेही कुंथून. पोट नीट साफ व्हायला लागलं तशा अंथरूण ओलं होण्याच्या रात्री हळूहळू कमी झाल्या. तिला रागावून काहीच झालं नसतं, ती गाढ झोपेतच असायची!

आणि सहा महिने किंवा जास्त कोरडं राहिलेलं मूल अचानक पुन्हा अंथरूण ओलं करू लागलं, सोबत तहान वाढली, वजन उतरलं, तर वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेऊन साखर तपासा.