आईबाबांच्या पंचविसाव्या लग्नवाढदिवसासाठी कंट्री प्रेमगीत सुचवा

नाशिकची_लेक
मंडळी, मदत हवी आहे. आईबाबांच्या लग्नाला २५ वर्षं होतायत. कार्यक्रम नाशिकला एका लॉनवर, संध्याकाळी. घरचीच माणसं म्हणता म्हणता शंभरावर गेलीत. पुन्हा हार घालणं, केक भरवणं वगैरेला आईची सक्त मनाई आहे. फक्त एका गाण्यावर दोघं मिळून स्टेजवर येतील, एवढंच तिने कबूल केलंय.

मराठी-हिंदी गाण्यांची यादी मावशीने केव्हाच केली. मला बाबांसाठी एक हवंय. १९९८-९९ मध्ये ते वायटूकेच्या (सन २००० लागताना संगणकांतल्या तारखांचा घोळ होऊ नये म्हणून चाललेल्या) कामाला अमेरिकेत, टेक्सासमधल्या डॅलसला होते. साखरपुडा करून गेलेले, आई इकडे. रूममेटच्या गाडीत दिवसभर कंट्री (अमेरिकेतलं गिटार-फिडलवालं गावाकडचं संगीत) स्टेशन लागलेलं असायचं म्हणतात. अजूनही भांडी विसळताना त्यातलं काहीतरी गुणगुणतात, पण कुठलं गाणं विचारलं की विषय बदलतात.

अटी: प्रेमगीत हवं, रडकं नको, आणि जन्मात कंट्री न ऐकलेल्या आत्या-काकांनाही गोड वाटायला हवं.

बँजोबा
टेक्सास, १९९८, गाडीतला रेडिओ. यात विचारायचं काय? कंट्री गायिका शनाया ट्वेन, 'यू आर स्टिल द वन'. धागा बंद करा.

पेठेतला_पाहुणा
एवढ्यात बंद कशाला? लोनस्टार बँडचं 'अमेझ्ड' आहे की. १९९९ मध्ये ८ आठवडे कंट्री चार्टवर पहिलं होतं. मग पॉप स्टेशनांसाठी नवं मिक्स काढलं आणि मार्च २००० मध्ये ते बिलबोर्ड हॉट १०० वर, म्हणजे सगळ्या प्रकारच्या गाण्यांच्या अमेरिकन यादीत पण पहिलं गेलं. त्याआधी कंट्री गाण्याला तो मान मिळाला होता थेट १९८३ मध्ये, केनी रॉजर्स आणि डॉली पार्टनच्या 'आयलंड्स इन द स्ट्रीम'ला. ते गाणंसुद्धा चालेल. गंमत म्हणजे लिहिलंय बी जीज या पॉप बँडच्या तिघा भावांनी.

बँजोबा
'अमेझ्ड' नव्या नव्या प्रेमातलं आहे हो. पंचवीस वर्षं संसार झालेल्या माणसांना ते कोवळं वाटेल.

जुनी_कॅसेट
बँजोबांशी सहमत, पण नुसतं नाव सांगून भागणार नाही, कारण 'यू आर स्टिल द वन'मध्ये एक मेख आहे. जरा लांबण लागेल.

अमेरिकेत रेडिओ स्टेशनांच्या वाटण्या ठरलेल्या असतात. कंट्रीवाले कंट्रीच लावणार, पॉपवाले पॉप. कंट्रीच्या माहेरघरात, नॅशव्हिलमध्ये हिट झालेलं गाणं न्यूयॉर्कच्या पॉप स्टेशनवर लागेलच असं नाही. शनायाचा 'कम ऑन ओव्हर' हा अल्बम नोव्हेंबर १९९७ चा. त्यातली पहिली दोन सिंगल्स कंट्री श्रोत्यांसाठीच होती. 'यू आर स्टिल द वन' हे तिसरं, जानेवारी १९९८ मधलं, आणि पॉपच्या मैदानात मुद्दाम उतरवलेलं पहिलं.

निर्माता होता मट लँग, शनायाचा नवरा. गाणं दोघांनी मिळून लिहिलंय. हा माणूस मुळात रॉकमधला. एसी/डीसीचं 'बॅक इन ब्लॅक' आणि डेफ लेपर्डचं 'हिस्टेरिया' त्यानेच घडवलं. ध्रुवपदात आवाजावर आवाज चढवत जायची त्याची सवय इथेही ऐकू येते. कडवं अगदी बोलल्यासारखं, जवळून, आणि ध्रुवपद आलं की मागे एकदम भरगच्च कोरस. नुसत्या गिटारवर कुणी गाऊन बघा, निम्मं गाणं गळून पडतं.

निकाल असा लागला की मे १९९८ मध्ये ते कंट्री चार्टवर पहिलं आलं, तेही एकच आठवडा. हॉट १०० वर मात्र सलग नाही पण एकूण ९ आठवडे दुसऱ्या क्रमांकावर राहिलं आणि पहिलं कधीच झालं नाही. आधी नेक्स्टचं 'टू क्लोज' आडवं आलं, मग ब्रँडी आणि मोनिकाचं 'द बॉय इज माइन', जे १३ आठवडे हललंच नाही. वर्षअखेरच्या यादीत पहिली दोन हीच आणि तिसरं शनायाचं. १९९९ च्या ग्रॅमीत सर्वोत्कृष्ट कंट्री गाणं आणि कंट्री गायिका हे दोन्ही पुरस्कार तिला मिळाले. मोठे दोन पुरस्कार (वर्षातलं गाणं आणि वर्षातलं रेकॉर्डिंग) 'टायटॅनिक'चं गाणं घेऊन गेलं. त्या वर्षी त्याच्यापुढे कोण टिकणार होतं?

पण पहिलं न येता इतकं पुरलेलं गाणं दुसरं पटकन सांगा बघू. माझ्या मते अल्बमच्या ४ कोटींच्या आसपास गेलेल्या खपाचं दार याच गाण्याने उघडलं. कंट्री न ऐकणारा माणूस या दारातून आत आला.

आता मेख. या अल्बमच्या दोन आवृत्त्या आहेत. मूळ कंट्री, आणि नंतर बाहेरच्या देशांसाठी काढलेली, ज्यात स्टील गिटार आणि फिडल ही कंट्रीची ओळख असलेली वाद्यं मागे सारून पॉपचा बाज पुढे आणलाय. आपल्याकडे नेटवर शोधलं की कुठली हाती लागेल सांगता येत नाही. तुझे बाबा डॅलसच्या कंट्री स्टेशनवर ऐकायचे ना? मग त्यांच्या कानात मूळ आवृत्ती बसलेली असणार. पाहुण्यांना फरक कळणार नाही, बाबांना पहिल्या काही सेकंदांत कळेल. तीच शोध.

ठाण्याची_वहिनी
गाणं सुंदरच आहे, पण अगं, ज्याच्यासाठी लिहिलं त्याच्याशीच तिचा २०१० मध्ये घटस्फोट झाला. लग्नाच्या वाढदिवसाला असं लावावं का? सासूबाईंना कळलं तर मला म्हणतील हेच मिळालं का. त्यापेक्षा तिचंच 'फ्रॉम धिस मोमेंट ऑन' बघ.

बँजोबा
वहिनी, तेही त्याच अल्बममधलं, लिहिणारे तेच दोघं. तिथे घटस्फोट लागू नाही का?

ठाण्याची_वहिनी
बरोबर पकडलंत. मग राहू दे.

जुनी_कॅसेट
घटस्फोटानंतरही ती हे गाणं कार्यक्रमांत गातेच आहे. आणि मूळ गोष्ट बघा ना. लग्न झालं १९९३ मध्ये, नवरा १७ वर्षांनी मोठा, तो नावाजलेला निर्माता आणि ही नवखी गायिका. हे टिकायचं नाही, असं लोक उघड बोलत होते. त्या लोकांना दिलेलं उत्तर म्हणजे हे गाणं. सगळे नाही म्हणाले आणि तरी आपण इथवर आलो, एवढंच त्यात आहे. पंचविसाव्या वर्षी म्हणायला मला तरी हे योग्य वाटतं. पहिल्या वर्षी म्हटलं तर आगाऊपणा होईल.

नाशिकची_लेक
जुनी कॅसेट, तुम्ही आमच्या घरातलं ऐकलंय की काय? बाबा गेले तेव्हा नात्यातल्या निम्म्या लोकांनी आजोबांना सांगितलेलं, "पोरगा काही परत येत नाही, साखरपुडा मोडा." आई कॉलिंग कार्डच्या फोनची वाट बघत बसायची, आणि कार्डावरची मिनिटं संपली की वाक्य अर्धंच तुटायचं. त्यातले एक काका कार्यक्रमाला पहिल्या रांगेत असणार आहेत 😄

काल स्वयंपाकघरात फोनवर हळूच मूळ आवृत्ती लावली. बाबांनी नळ बंद केला आणि "हे तुला कुठे मिळालं?" म्हणाले. गाणं ठरलं.

आईला गायिकेचं नाव सांगितलं तर म्हणते, "शनाया? ती मालिकेतली?" तिला समजावण्यात अर्धा तास गेला.

पेठेतला_पाहुणा
हार मान्य. फक्त मावशीच्या यादीत कुणी उत्साहाने इंग्रजी भर घातली तर नजर ठेव. आमच्याकडे एका रिसेप्शनला 'नीड यू नाऊ' लावलं होतं. २०११ च्या ग्रॅमीत गाजलेलं, चालही छान, पण आहे ते रात्री उशिरा पिऊन जुन्या माणसाला फोन करावासा वाटण्यावर. 'आय विल ऑलवेज लव्ह यू' पण नको. डॉली पार्टनने ते निरोप घेताना लिहिलंय, साथ सोडताना.

कोथरूडचा_तबलजी
मी साऊंडचं काम करतो, म्हणून दोन गोष्टी. एक, 'यू आर स्टिल द वन'च्या सुरुवातीला शनाया गात नाही, हलक्या आवाजात बोलते. लॉनवर गप्पांच्या गलक्यात ते बोलणं कुणालाच ऐकू जाणार नाही आणि आईबाबा गाणं कधी सुरू होतंय म्हणून ताटकळत उभे राहतील. साऊंडवाल्याला सांगा, तेवढ्यापुरता आवाज वर घ्यायचा आणि गायन सुरू झालं की खाली आणायचा. फाइल त्याला आदल्या दिवशी पेनड्राइव्हवर द्या. फोनवरून वाजवायला गेलात तर नेमक्या वेळी कुणाचा तरी कॉल येतो.

दुसरं, उघड्या लॉनवर रात्री १० नंतर स्पीकर बंद करावे लागतात. मावशीची यादी मोठी दिसतेय, भाषणंही होणार. हे गाणं शेवटी ठेवू नका. ८ वाजता, जेवणाआधी उरकून घ्या.